फळ्यावरचे हिरवे डाग

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आज तुम्हाला का सांगतोय, ते विचारू नका — मलाच नीट कळलेलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. भडगावजवळच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचो. दाराजवळच्या फळ्यावर रोजची वार्ता लिहायचं काम माझ्याकडे. तेव्हा एक यान गुरूकडे निघालं होतं — आत माणूस नाही, वर्षानुवर्षं एकटंच चाललेलं. मी परदेशातल्या त्या केंद्राला पत्र टाकलं आणि, खरं वाटणार नाही, त्यांची छापील पत्रकं टपालाने येऊ लागली. शब्दकोश घेऊन मी ती मराठीत उतरवायचो. दर सोमवारी फळ्यावर यानाची खबर.

आणि खबर तरी काय? यान ठीक आहे. इंजिनाच्या नळ्या साफ केल्या. सूर्याच्या अंदाजाने तोंड जरा वळवलं. आतलं घड्याळ पुन्हा पहिल्यावर आणलं. पुढच्या सोमवारी? तेच. त्याच्या पुढच्या? तेच! पोरं फळ्याला दप्तर घासत निघून जायची. आमचे भूगोलाचे सर रोज विचारायचे, "काय हो, पाचोऱ्यापर्यंत तरी पोचलं का तुमचं यान?" मी हसायचो, आणि आतून जळायचो. ज्याच्यासाठी एवढी डोकेफोड, त्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं.

एक मुलगी मात्र वाचायची. दहावीतली सुनंदा. तिला त्या घड्याळाचं वेड लागलं. पृथ्वीवरून ठरावीक दिवसांत एकही आज्ञा आली नाही, तर यान समजतं की आपलाच कान बिघडला, आणि मग आपणहून दुसरा कान लावून बघतं. म्हणून इथली माणसं दर आठवड्याला आज्ञा धाडून ते घड्याळ मागे नेतात. सुनंदाने पुठ्ठा, चांदीचा कागद आणि घरचं गजराचं घड्याळ घेऊन तसंच यान बनवलं. जळगावच्या विज्ञान प्रदर्शनात आमच्या शाळेतून तेच निवडलं गेलं. तिचे वडील, पुंडलिक आबा, म्हणाले होते — नंबर आला तर अकरावीला जळगावला ठेवीन. नाही तर लग्न.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही प्रदर्शनाच्या आदल्या सोमवारी मी काय केलं? पत्रक आलं नव्हतं. डोकं फिरलं होतं. मी खडू घेतला आणि लिहिलं — "गुरूच्या चंद्रावर यानाला हिरवे डाग दिसले. शास्त्रज्ञ चकित!"

काय गर्दी झाली म्हणता! मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी मी फळा पुसला आणि विषय संपला, असं धरून चाललो.

जळगावला सुनंदा घड्याळाबद्दल फार सुरेख बोलली. परीक्षक प्राध्यापक खूश दिसत होते. मग शेवटी तिने हिरव्या डागांचं सांगितलं. ते थांबले. "यान अजून पोचलंच नाही, बाळ. मग दिसले कसे? कोणी सांगितलं हे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. घाबरून घरची बोली तोंडात आली. "सर, तुम्हीच लिखेल व्हतं ना फळ्यावर?"

आणि मी — मी, तिचा शिक्षक — हसलो. म्हणालो, "पोरी कुठून काहीबाही ऐकून येतात, साहेब. मी असं कसं लिहीन?"

बास. एवढंच वाक्य. ते बोलायला मला क्षणभरही विचार करावा लागला नाही, याचाच आज संताप येतो.

नंबर गेला. आबा मागेच उभे होते. तिच्यावर ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "घर चाल. खोटं बोलाले धाडं का तुले शाळामा?" तिने यानातून गजराचं घड्याळ काढून घेतलं, पुठ्ठा तिथेच राहिला. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी जेवायला गेलो होतो. दोनदा जिलेबी घेतली.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी येते. रस्त्यात दिसलो तर थांबते, डोक्यावरचा पदर सारखा करते. "सर, बरं शे ना?"

दर वर्षी विचारते. मी म्हणतो, बरं आहे. आणि घराकडे वळतो.