मांडीवरचा पाय

लग्न झाल्यापासून यांना चुकून पाय लागला की मी वाकून नमस्कार करते. आईनं लावलेली सवय. आणि नेमकं त्याच पायाचं ऑपरेशन झालं! साताऱ्यात आमचं पोळीभाजी केंद्र. उभ्यानं पोळ्या लाटून लाटून पोटरीच्या शिरा पडवळासारख्या फुगल्या होत्या. लेसर झाल्यावर डॉक्टर म्हणाले, हा घट्ट दाबाचा मोजा रोज सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी चढवायचा. सूज उतरली नाही तर प्रवास बंद, सांगलीचं बारसं विसरा.

सांगलीत लेकीला मुलगी झाली होती. पहिली नात! तिला पाळण्यात घालायला मी नाही तर कोण जाणार?

पण मेला तो मोजा! माझी बोटं संधिवातानं आखडलेली. ओढून ओढून रडकुंडीला आले. फौजेतून रिटायर झालेले आमचे हे दारातून बघत होते. शेवटी खाली बसले आणि मांडीवर थाप मारली.

"आण पाय हिकडं."

"आवं, कायतरीच काय! नवऱ्याच्या मांडीवर पाय?"

"जवानांच्या पायाचे फोड बघितल्यात मी. तुझा काय सोन्याचा हाय?"

डोळे मिटून दिला पाय. मोजा चढला आणि मी लगेच नमस्कार केला. मग रोज मोजा, रोज नमस्कार. हे वैतागायचे, "अगं, देवळात बसलोय का मी?"

पुढं फौजेची शिस्त नडली. परेडला मोज्याची कड दुमडायचे, तशीच हे गुडघ्याखाली झकास घडी घालायचे. पोटरीला करकोचा पडला, पाऊल निळसर दिसायला लागलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "दुमडू नका हो! तिथं रक्त अडतं."  घरी आल्यावर हे म्हणाले, "माझ्यामुळं तुझं बारसं हुकतंय बघ." डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांची इतकी माया आली! म्हटलं, "हुकतंय कसलं, खांद्यावर बसून जाईन तुमच्या."

सूज उतरली, डॉक्टरांनी परवानगी दिली, सांगली गाठली. पण पाळण्यापाशी गेले तर मोजा घसरून चुण्या पडलेल्या. साडीआडून ओढत होते, ते यांनी पुरुषांच्या घोळक्यातून बघितलं. तडक आले आणि विहीणबाईंसमोर जमिनीवर बसले.

"आण पाय."

बायका माना वळवून बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दिला. एकेक चुणी अंगठ्यानं सरळ केली त्यांनी, कड अजिबात दुमडली नाही. सवयीनं मी नमस्काराला वाकले, तर माझा हात धरला. मग माझ्याच पावलाला हात लावून तो कपाळाला लावला, सगळ्यांदेखत.

"झाली फिट्टंफाट. ऊठ आता, नात वाट बघतीय."

उठले. नातीला पाळण्यात घातलं. पण माझ्याच रडण्यात मला काही ऐकूच आलं नाही, नाव काय ठेवलं ते मागाहून विहीणबाईंना विचारावं लागलं.