हुकमाशिवाय न खाणारा

समोरच्यांनी लॅब्रॅडॉर म्हणून आणलेलं पिल्लू वाढलं तसं अर्धं गावठी निघालं. घर बदलताना ते त्याला रस्त्यावरच सोडून गेले. मी दूध-भाकरी घातली की त्याची लाळ गळायची, पण तोंड लावेना. पोट खपाटीला गेलं.

"आजारी दिसतंय, मावशी. मरेल तुमच्या दारात," शेजारची सुमन म्हणाली.

मग आठवलं, समोरच्यांची सून बोट वर करून इंग्रजीत 'खा' म्हणून सांगायची, तेव्हाच ते खायचं. मी तसंच बोट वर करून "ईट" म्हणाले. भाकरी क्षणात संपली. आजार कसला, ते नुसतं उपाशी होतं.

सुमन म्हणाली, "किती इमानी."

मला त्याचा रागच आला. टाकून गेलेल्या नवऱ्यासाठी वटपौर्णिमेचा उपास धरणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांचाही असाच राग यायचा.