काळ्या रबराचा आलेख

आमच्या प्रयोगशाळेच्या बाईंइतकी मनापासून निराश होणारी व्यक्ती अख्ख्या नाशिकात दुसरी नसेल. कॉलेजातल्या, किरण टाकून वस्तूत काय आहे ते आलेखात दाखवणाऱ्या इन्फ्रारेड यंत्रावर मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली, पण "आज आलेख बरा आला" हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. साधी पांढरी पावडर घेऊन कुणी आलं तर त्या तिच्याकडे बघतही नसत. ज्यांच्या पृष्ठभागावरून किरण धड परत येत नाहीत, अशाच वस्तूंवर त्यांचा जीव. यंत्राजवळ सोडलेल्या श्वासाची वाफसुद्धा आलेखात उमटते, म्हणून मोजणी चालू असताना त्या सगळ्यांना बाहेर काढत आणि स्वतः नाक दाबून उभ्या राहत. एकदा प्राचार्य आत आले, तर त्यांनाही खुणेनेच दार दाखवलं. मग मला म्हणाल्या, "गेला आलेख. ते बोलले असते तर काय झालं असतं, विचार कर."

मालेगावचे एक यंत्रमागवाले चाचा त्यांच्याकडे काळ्या रबराचा तुकडा घेऊन आले. रोलरवरचं रबर चिकट होऊन कापडाला डाग पडत होते, व्यापारी माल परत पाठवत होता. "रबर खराब आहे की आम्ही मागाला घालतो ते तेल, एवढंच सांगा मॅडम," चाचा म्हणाले. पण काळं रबर किरण गिळून टाकतं. आलेखात नुसती तिरकी रेघ. बाईंनी तुकडा घासला, कापला, हिऱ्याच्या स्फटिकावर दाबला, रेघ तिरकीच. "हे रबर नाही, माझं नशीब आहे," म्हणून त्या जेवणाचा डबा न उघडताच घरी गेल्या. जर्मेनियमच्या स्फटिकातून किरण रबरात अगदी वरवर शिरून परत येतात, तेव्हा इलाज तोच होता. पण त्याची फाईल खरेदी समितीने तीनदा परत पाठवली.

अखेर वर्षभराने स्फटिक आला आणि पहिल्याच दाबाला आलेखात स्वच्छ शिखरं उभी राहिली. रबर मऊ ठेवायला त्यात घातलेलं तेलच पाझरून वर येत होतं. रबर बदललं की झालं. बाईंनी फोनसुद्धा न करता एसटी पकडली, मलाही ओढलं. चाचांच्या शेडमध्ये माग नव्हते, फरशीवर नुसते बोल्टांचे खड्डे.

"लूम भंगारात गेले मॅडम. उगाच तकलीफ घेतली तुम्ही," म्हणत चाचांनी चहा मागवला. तरी आलेख उलगडून त्यांनी विचारलं, "म्हणजे आमचं तेल खराब नव्हतं?"

"नव्हतं."

"तेल माझा भाऊ घालायचा. मी त्याला नाही नाही ते बोललो." चाचांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. "त्याला दाखवतो."

आता कुणी नमुना आणला की बाई आधी तो हातात घेत नाहीत. "तुम्हाला किती दिवस थांबता येईल?" एवढंच हळू विचारतात.