वहिनी, झोपले होते का?

अप्पा गेले. आज पहाटे, झोपेतच.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या झोपेची चौकशी केली या माणसाने.

नव्वद सालच्या आसपास अप्पा, माझे वडील, उल्हासनगर कॅम्प चारला एका ट्रान्सपोर्टमध्ये होते. कुठल्या रूटला काय रिस्क, कसारा कोणाला द्यायचा, माळशेज कोणाला, सगळं तेच ठरवायचे.

घाटाची गाडी देण्याआधी सायकल काढून थेट ड्रायव्हरच्या घरी. त्याला नाही, बायकोला विचारायचे.

“वहिनी, झोपले होते का रात्री?”

नाही म्हटलं की ट्रिप कॅन्सल!

शेठ वैतागायचा. “अरे साब, गाडी चलानी है की लोरी गानी है?”

अप्पा ढिम्म.

माझा काका, अप्पांचा धाकटा भाऊ, तिथेच ड्रायव्हर. विठ्ठलवाडीला चाळीत राहायचा. अप्पांनी भावालाही सूट दिली नाही. दारात उभं राहून काकूला विचारलं, “सुमन, झोपला होता ना हा?”

काकू म्हणाली, “झोपले होते की, भाऊजी.”

त्याच दिवशी काकाची गाडी माळशेजच्या दरीत गेली.

तेराव्याला शेजारीण बाहेर बोलून गेली. पोराला ताप होता, बिचारा रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसलेला.

काकू आत होती. मी आणि अप्पांनी ऐकलं. अप्पा मला एवढंच म्हणाले, “सुमनजवळ बोलायचं नाही.”

त्यानंतर अप्पांनी कुठल्याच बाईला विचारलं नाही. ऑफिसमागे एक खाट टाकली. घाटाच्या ड्रायव्हरने आधी तिथे झोपायचं, मग चावी. स्वतः बाहेर स्टूल टाकून राखण करायचे. कोणी हॉर्न वाजवला की अस्सल शिव्या.

मी एकदा विचारलंच, असं का?

“अगं, बायको नवऱ्याचं ऐकणार की माझं? माझं विचारणंच चुकलं.”

आज काकू बदलापूरहून आली. अप्पांच्या पायाशी बसली आणि हंबरडा फोडला.

“भाऊजी, ते झोपले नव्हते हो! मला म्हणाले, झोपलो म्हणून सांग, नाहीतर दादा गाडी देणार नाही. मी खोटं बोलले!”

इतकी वर्षं उरावर घेऊन जगली बाई.

तिला जवळ घेतलं. “काकू, अप्पांना माहीत होतं. तेराव्यापासून.”

तिने त्यांचे पाय धरले.

“तरी दर दिवाळीला माझ्या घरी येत होते?”

अप्पा, झोपा आता निवांत.

बाहेर स्टूलवर मी बसलेय.