चढत्या दराची वही

१९९८ साल. मी बहात्तर वर्षांचा होतो. परदेशातल्या मुलानं आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी डॉलर दिले होते. दर चढतोय म्हणून मी ते मोडत नव्हतो. चौथी नापास असलो तरी वर्षभराचे दर माझ्या वहीत होते. आठवड्याला एसटीनं विश्रामबागच्या बँकेत जायचं, दर उतरवायचा, परत यायचं. पाय भरून यायचे, पण हट्ट सोडला नाही.

एकदा तिथल्या बाकावर एक हळदवाला भेटला. नखं पिवळी, बोलताना सारखी धोतराला पुसायचा. त्यानं माझी वही बोट फिरवत शेवटपर्यंत वाचली.

"लय बेस लिवलंय. पैसं कशाला पायजेत?"

"मंडळींच्या डोळ्याला. आणखी चढू दे."

"तवर त्या काय करत्यात?"

"चाचपडत भाकरी थापती. काल हात भाजला."

त्यानं वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. "आवं, मी बी हळद जमिनीतल्या पेवात घालून दराची वाट बघतो. हळद थांबती. डोळा थांबतोय व्हय?"

परक्या माणसानं मला शिकवावं? रागानं उठलो, नावही विचारलं नाही. येताना एसटीत वही उघडावीशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला घेऊनच बँकेत गेलो, आहे त्या दरानं डॉलर मोडले आणि तिथूनच तिला हात धरून दवाखान्यात नेलं.