खालचा हौद

नदीच्या होडीला मोटर नसते. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेली काही वर्षं मी दिवसातून वीस वेळा तेच सांगत आलो आहे, आणि तरी लोक होडीतून उतरताना वाकून खाली बघतातच. तळाला रूळ नसतात, साखळी नसते. पाण्याखालून ढकलणारा माणूसही नसतो. एका गृहस्थांनी मला तेही विचारलं होतं, आणि ते चांगले शिकलेले दिसत होते.

मी मूळचा कळंबचा. वायरमनचा कोर्स करून विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या दुकानात बरीच वर्षं काढली. मग जळकोटच्या अलीकडं, महामार्गाला लागून वॉटर पार्क झाला. तिथं पंपावर माणूस हवा होता म्हणून गेलो. उद्घाटनाला तेरखेड्याचे फटाके इतके वाजवले की पहिल्या दिवशी पाण्यावर कागदाचे कपटेच तरंगत होते. पार्कात घसरगुंड्या होत्या, लाटांचा तलाव होता. माझ्याकडं होती ती नदी. पाटीवर तिचं इंग्रजी नाव होतं, पण कामावरचे आम्ही सगळे तिला नदीच म्हणायचो.

तिचं काम साधं आहे. जमिनीत एक मोठा हौद, आणि त्याच्या एका टोकाला लोखंडी जाळीच्या आड दोन दांडगे पंप. पंप पाणी उचलून वर टाकतात. तिथून ते सिमेंटच्या नाल्यातून वळणं घेत उताराला लागतं आणि फिरून त्याच हौदात येऊन पडतं. दिवसभर तेच पाणी. होडी गोल असते, काठाला रबराची जाड ट्यूब, आत सहा जण एकमेकांकडं तोंड करून बसतात. ती नुसती वाहत जाते. नाला रुंद केला की पाणी सावकाश होतं, अरुंद केला की धावतं. तळाला लाकडाचे जाड ठोकळे बोल्टनं आवळलेले असतात. पाणी त्यांच्यावर चढून उसळतं आणि लोकांना वाटतं, खाली खडक आहेत. होडी भिंतीला धडकली की गरकन फिरते. कोण भिजणार आणि कोण कोरडा राहणार, हे मला कधीच आधी सांगता आलं नाही. शेवटी एक रुंद पट्टा होडीला चढावर ओढून घेतो. साखर कारखान्यात ऊस वर नेणारा पट्टा असतो, तसलाच. माणसं उतरतात, दुसरी बसतात.

यातली एक गोष्ट मात्र डोक्यात बसायला वेळ लागतो. पंप चालू असले की हौद अर्ध्यावर येतो. पाणी कुठं गेलेलं नसतं, ते नाल्यात असतं. पंप थांबले की नाल्यातलं सगळं पाणी उतरून हौदात जमा होतं आणि होड्या जिथं असतील तिथं तळाला टेकतात. म्हणून पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं हौदाच्या भिंतीवर दोन रेघा मारल्या होत्या. वरची पांढरी रेघ पंप बंद असतानाची, खालची लाल चालू असतानाची. ‘चालू पंपात पांढऱ्या रेघेकडं बघायचंच नाही,’ असं त्यानं मला बजावलं. मी मान डोलावली. अर्धा रिकामा हौद बघून स्वस्थ उभं राहणं आमच्या दुष्काळी जिल्ह्यातल्या माणसाला किती जड जातं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मी माझ्या सासऱ्यांना तिथं कामाला लावलं. त्यांचं गाव पार्कापासून जवळच. तीस वर्षं गावाचं पाणी त्यांच्या हातात होतं. कुठल्या गल्लीला किती वेळ सोडायचं, कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, जमिनीत कुठली जुनी लाइन कुठून गेली आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर काहीच नाही. निवृत्त झाल्यावर ते घरात बसून कंटाळले होते, आणि मालकाला हौदावर भरवशाचा माणूस हवा होता.

सासऱ्यानं जावयाच्या हाताखाली काम करावं, हे आमच्याकडं कुणाला रुचत नाही. सासूबाई महिनाभर माझ्याशी मोजकंच बोलल्या. सासऱ्यांना मी मामा म्हणतो; ते मात्र आले. ते मला ‘पाहुणं’ म्हणायचे, अहो-जाहो करायचे, आणि मी त्यांना कामं सांगायचो तीही अहो-जाहोनंच. डबा उघडल्यावर मी घास घेतल्याशिवाय ते घास घेत नसत. जावयाचा मान कामाच्या जागीसुद्धा त्यांनी सोडला नाही. मला ते आवडायचं. पाणी त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. हे मी आज लिहितो आहे. त्या वेळी कुणी तसं म्हटलं असतं तर मला राग आला असता.

झालं ते मे महिन्यात. सुट्ट्या होत्या, लग्नसराई होती. भर दुपारी एका पंपाचा आवाज बदलला, तो हवा ओढायला लागला आणि दोन्ही पंप आपोआप बंद पडले. पाच होड्या तळाला टेकल्या. एका होडीत अंगावरची हळद न उतरलेलं नवं जोडपं होतं. फळ्या टाकून सगळ्यांना बाहेर काढलं, कुणाला खरचटलंही नाही. पण मालकानं मला चारचौघांत विचारलं, ‘पाणी बघत नाही का तुम्ही?’ तो प्रश्न मी घरी नेला आणि जेवणासोबत खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंप चालू केले आणि हौद खाली जाताना बघत उभा राहिलो. तो रोजच खाली जायचा. त्या दिवशी मात्र मला तो आटतोय असंच दिसलं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे ऐकत लहानाचा मोठा झालेला माणूस मी. लाल रेघ, इंजिनिअर, सगळं विसरलो. मामांना हाक मारली आणि म्हणालो, “दोन्ही बोअर सोडा. टँकर मागवा. पांढऱ्या रेघेपर्यंत भरून घ्या.”

“पाहुणं, पाणी लई हाय की,” मामा म्हणाले. “जाळीच्या अलीकडं बगा आन् पलीकडं बगा. जाळीला पाला बसलाय, म्हून पंपाला पाणी मिळंना. अर्धा घंटा बंद ठिवा, म्या साफ करतो. आन् हौद भरला तर नाल्यातलं समदं कुठं मावंल?”

नाल्यातल्या पाण्याचा हा हिशेब मीच त्यांना पहिल्या आठवड्यात समजावून सांगितला होता. पट्ट्यावरची दोन माणसं ऐकत होती, रांगेतले लोक ऐकत होते. सासऱ्यानं मला सगळ्यांसमोर शिकवावं, हे मला झोंबलं. मी म्हणालो, “मामा, सांगतो तेवढं करा.” ते व्हॉल्व्हकडं गेले.

दुपारपर्यंत हौद पांढऱ्या रेघेला लागला. पाणी वाढल्यामुळं पंपांना जाळीतून पुरेसं मिळायला लागलं आणि ते सुरळीत चालले. माझंच बरोबर होतं, असं मला वाटलं. मामांना ऐकू जाईल अशा आवाजात मी एकदा शीळही घातली.

चार वाजता लाइट गेली. जनरेटरवर फक्त पट्टा आणि दिवे चालायचे. पंप थांबले, आणि नाल्यातलं पाणी, जसं यायला हवं तसं, शांतपणे खाली यायला लागलं. पांढरी रेघ बुडाली, काठ बुडाला. हौद दहा-पंधरा मिनिटं ओसंडून वाहत होता. मागं उतार, आणि उताराला शेजाऱ्याचं रान. त्यानं कांदा काढून पातीसकट ओळीनं वाळत घातला होता. सगळ्या ओळींत क्लोरीनचं औषध टाकलेलं पाणी शिरलं.

शेजारी वयस्कर होता. घरात कानडी बोलणारा, रागावला की तीच आधी तोंडात यायची. मे महिन्यात रानात पाणी आलं म्हणून भांडायला आलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. त्यानं दोन चिंब कांदे मालकाच्या टेबलावर ठेवले आणि मराठीत म्हणाला, “जनावराला प्यायला मागितलं तवा देत न्हाई तुमी. आता न मागता देता व्हय?” मालकानं त्याला बसवलं, भरपाई कबूल केली, चहा पाजून लावून दिलं. मग आम्हाला हौदापाशी उभं करून विचारलं, “हौद भरायला कुणी सांगितला?”

पट्ट्यावरच्या दोघांनी सकाळी सगळं ऐकलं होतं, पण त्यांची हजेरी मी लावायचो. त्यांनी माना खाली घातल्या.

“म्याच सोडलं, साहेब,” मामा म्हणाले. “हौद आटला वाटलं मला.”

“तीस वर्षं गावाला पाणी सोडलं म्हणता ना तुम्ही?”

“व्हय.”

“आणि पंप चालू असला की हौद खाली जातो, एवढं कळू नये तुम्हाला?”

मी मामांपासून हातभर अंतरावर उभा होतो. लोक म्हणतील, मूग गिळून गप्प बसला. पण माझ्या तोंडात शब्द तयार होता, आणि मी तो दातांआड धरून ठेवला. मला नोकरी हवी होती हे खरंच. त्याहून खरं हे की, सकाळी ज्यांना ‘सांगतो तेवढं करा’ म्हणालो, त्यांच्यासमोर मला चूक कबूल करायची नव्हती. मामांनी संध्याकाळी चाव्या दिल्या आणि ते पायी घरी गेले. दुसऱ्या दिवशी मी पंप बंद ठेवून जाळी काढली. तीन घमेली पाला निघाला.

आठ दिवसांनी सासुरवाडीला गेलो. सासूबाई चुलीपाशी होत्या, ओसरीवर आम्ही दोघंच. मी म्हणालो, “मामा, मी उद्या मालकाला सांगतो.”

ते तंबाखू मळत होते. म्हणाले, “सासरा चुकला तर लोक चार दिस हसत्यात, पाहुणं. जावई चुकला तर पोरीला माहेरात मान खाली घालावी लागती. झालं ते झालं. तिलाबी बोलू नका.”

मला बरं वाटलं. त्यांनी मला मोकळं केलं आणि मी लगेच मोकळा झालो, याची लाज मला नंतर वाटली आणि ती अजून गेलेली नाही. त्या क्षणी मात्र बरंच वाटलं होतं.

पट्ट्यावरची माणसं त्याच गावची. मामा घरी पोचायच्या आधी गोष्ट गावात पोचली होती, आणि तिच्यात माझं नाव नव्हतं. पूर्वी व्हॉल्व्ह अडकला किंवा जुनी लाइन हुडकायची असली की नवा पाणीवाला मामांच्या दारात यायचा. तो यायचा थांबला. गेल्या वर्षी एक लाइन सापडेना म्हणून गावानं अर्धी गल्ली खोदली. मामा कट्ट्यावर बसून बघत होते. लाइन चार हात पलीकडून गेली आहे हे त्यांना माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगण्याची हिंमत आता त्यांच्यात उरलेली नव्हती. हे मला सासूबाईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या दिवशी ते जेवले नाहीत.

माझ्या बायकोला खरं काय ते आजही माहीत नाही. परवा आम्ही सगळे तिच्या माहेरी जेवायला बसलो होतो. नळ आला म्हणून मामा ताटावरून उठले आणि मोरीतल्या पिंपात पाइप सोडायला गेले. बायको वाढता वाढता वडिलांना लाडानं म्हणाली, “दादा, लक्ष ठेवा हं. न्हाईतर जाईल शेजाऱ्याच्या कांद्यात.”

सगळे हसले. मामाही हसले. हसताना त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, मग मीही हसलो.