माहेरची वाटी

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणी करणी-भानामतीचा विषय काढला की त्याची टिंगल करणाऱ्यांत मी पुढे. आजही कुणी अंगारा घेऊन दारात आलं तर मी त्याला चहा पाजून परत पाठवते. तेव्हा हे वाचून "बाई तुम्ही शिकलेल्या असून..." असलं काही कॉमेंटमध्ये लिहू नका. मला ते सगळं माहीत आहे.

मी परभणीत राहते, वसमत रोडच्या बाजूला. पालमकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, त्यामुळे रोजची एसटी. स्टँडवरचे सगळे नमुने मला तोंडपाठ झालेत. एक जोडपं असतं — कडेवर लेकरू, "ताई, पाकीट मारलं, अकोल्याला जायचंय, तिकिटापुरतं द्या." महिन्याभरानं तेच जोडपं, तेच लेकरू, पण आता जायचंय नांदेडला! मी म्हटलं, "अकोल्याहून कधी आलात?" तर बाई मलाच शिव्या द्यायला लागली. दुसरा एक जण मुका-बहिरा असल्याचं कार्ड प्रत्येकाच्या मांडीवर ठेवत फिरायचा. त्याच्या पाठीमागून मी हळूच म्हटलं, "दादा, मोबाईल पडला बघा तुमचा." गडी गर्रकन वळला. आख्खी बस हसली. तर असा माझा स्वभाव. फसवणारा दिसला की माझं डोकं सणकतं आणि त्याला उघडं पाडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आणि आमची आई नेमकी उलटी. वडील गेल्यापासून ती सोनपेठकडचं गाव सोडून माझ्याकडे राहते. स्टेशन रोडनं तिला घेऊन जायचं म्हणजे शिक्षाच. दिसेल त्या भिकारणीसमोर ती थांबायची, वाकून तिचं तोंड नीट न्याहाळायची आणि मग काहीतरी द्यायची. मी कातावले की म्हणायची, "आगं, आपली मंगल बी आशीच कुठं बसली आसंल. तिला कोणी दोन घास दिले पायजेत का न्हाई?"

मंगल म्हणजे माझी थोरली बहीण, माझी अक्का. देवगाव फाट्याच्या पलीकडं एका गावात तिला दिलं होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लग्नाला दोन-अडीच वर्षं झाली असतील, एक दिवस सासऱ्यांचा निरोप आला — तुमची लेक अंगावरचं सगळं सोनं घेऊन पळून गेली. कुणासोबत, कुठं, कुणाला माहीत नाही. हरवल्याची तक्रार त्यांनीच दिली. वडील किती खेटे घालून आले, त्याचा हिशोब नाही. नंतर अक्काच्या नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. गावात लोक आमच्याकडं बघून कुजबुजायचे. वडील त्यातच खचले. आई मात्र म्हणायची, पळाली तर पळाली, जित्ती हाय ना... बास. याला आता खूप वर्षं झाली. आईनं त्या एका आशेवर दिवस काढले. मला ते पटायचं नाही, पण तिच्या तोंडावर तसं बोलायची हिंमत माझ्यासारख्या तोंडाळ बाईलाही झाली नाही.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. शाळेला सुट्टी होती. सकाळी आई एकटीच भाजी आणायला गेली. नेहमी तासाभरात यायची. त्या दिवशी ऊन चांगलं तापलं तरी पत्ता नाही. मी चप्पल घालून निघणार तेवढ्यात ती आली. चेहरा लालभडक, घामानं निथळत होती आणि पिशवी पोटाशी धरलेली. गळ्यात बघते तर एकदाणी नाही. हातात पाटल्या नाहीत.

"आई, सोनं कुठंय?"

"पिशवीत हाय. पोलिसानं बांधून देल्लंय."

हा प्रकार मी पेपरात शंभरदा वाचलेला आणि तिलाही वाचून दाखवलेला. मोटरसायकलवर दोघं आले होते. बारीक केस कापलेले, गळ्यात ओळखपत्र. "आजी, पुढच्या गल्लीत आत्ताच एका बाईला लुटलंय, दागिने काढून ठेवा." ठरलेलं नाटक. कुणीही शहाणी बाई तिथून चालती झाली असती. पण आमच्या आईनं काय विचारावं?

"कोण बाई हाय? कशी दिसती?"

तो भामटा हुशार. म्हणाला, असेल तुमच्या लेकीच्या वयाची. उंच आहे, सावळी आहे. नाव सांगेना झालीय.

अक्का उंच होती. सावळी होती.

आई म्हणाली, मला तिच्याकडं न्या. तो म्हणाला, नेतो की, आधी हे सोनं रुमालात बांधू द्या. तिनं स्वतःच्या हातानं एकदाणी काढून दिली, पाटल्या काढून दिल्या. त्यानं रुमालाचं गाठोडं पिशवीत ठेवलं आणि सांगितलं, इथंच थांबा, जीप घेऊन येतो. आणि ही बया त्या उन्हात, एका बंद दुकानापुढं, जीपची वाट बघत उभी राहिली. कितीतरी वेळ. सोन्याची काळजी तिला नव्हतीच. "ती बाई बघायची राहिली गं," एवढंच घरी येऊन म्हणत होती.

मला रडावं का ओरडावं कळेना. मी ओरडलेच. "आई, लुटलं तुला! गिट्टी निघणार त्यात, गिट्टी!" पिशवी ओढून घेतली आणि रुमाल बाहेर काढला. पांढरा, साधा, वरून कोरडा ठणठणीत. गाठ इतकी घट्ट की दातानं सोडवावी लागली. तेव्हाच मला वास आला. विहिरीतला गाळ उपसतात ना, तसा कुबट वास.

आत कागद नव्हता, गिट्टीही नव्हती. मूठभर काळा ओला गाळ होता. मे महिन्याच्या उन्हात, तेवढा वेळ पिशवीत राहून, ओला! बोटांना गार लागला. मी झटकन हात मागं घेतला. आईनं मात्र त्यात बोटं घातली आणि काळ्या मण्यांचा एक तुटका सर वर काढला. सराला एक सोन्याची वाटी होती.

मंगळसूत्राला दोन वाट्या असतात, एक माहेरची आणि एक सासरची, हे तुम्हाला सांगायला नको. अक्काची माहेरची वाटी आईनं स्वतःचे कानातले झुबे मोडून केली होती. सोनं जरा कमी पडलं म्हणून गावच्या सोनारानं काठाला एक छोटा जोड दिला होता. तो जोड लग्नात कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून आईची किती घालमेल झाली होती, ते मला आठवतं. आईनं त्या वाटीवरचा गाळ अंगठ्यानं पुसला, काठावरून नख फिरवलं. एका जागी नख अडकलं.

ती खाली बसली आणि सराचे मणी एकेक करून पुढं सरकवत राहिली, शेवटपर्यंत. मग उरलेला गाळ पुन्हा चाचपला.

"दुसरी वाटी न्हाई," ती म्हणाली. "त्यांची वाटी त्यांनी काढून घेतली."

मी म्हटलं, "आई, तुटून पडली असेल कुठंतरी..."

"वंदे," ती म्हणाली, "पळून जाणारी बाई माहेरची वाटी टाकून जाती का? आन सासरची घेऊन जाती?"

आईनं इतकी वर्षं जपलेली आशा माझ्या डोळ्यांदेखत, स्वयंपाकघराच्या फरशीवर संपली. मी तिला धरून बसले.

आता माझं डोकं. मी हार मानणारी नाही. संध्याकाळपर्यंत मी मनाची समजूत घातली — अक्काच्या नवऱ्यानं सोनं विकलं असेल, ते फिरत फिरत या चोरांकडं आलं असेल आणि गडबडीत गाठोड्यांची अदलाबदल झाली असेल. पण मग गाळ कुठून आला? आणि चोर सोनं देऊन जाईल का?

पोलिसांत तक्रार दिली. वाटीचंही सगळं सांगितलं. तिथल्या हवालदारानं लिहून घेतलं खरं, पण माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्या मुक्या-बहिऱ्याकडं बघायची.

दिवाळीच्या आधी ते दोघं दुसऱ्या जिल्ह्यात सापडले. ओळख पटवायला आम्हाला बोलावलं. आईनं लांबूनच दाखवलं, "ह्योच." तिला बाकावर बसवून मी त्याच्या समोर गेले. तो खाली बसला होता, बेडी घातलेली. मनात खूप शिव्या साठवून आणल्या होत्या मी. पण तोंडातून पहिला प्रश्न निघाला तो हाच, "रुमालात काय टाकलं होतंस?"

"गिट्टी, मॅडम. दुसरं काय टाकणार? रस्त्यावरचीच उचलली होती. कागदात गुंडाळून टाकली."

"खोटं बोलू नको. वाटी कुठली होती?"

"कसली वाटी?" तो खरंच गोंधळला. "सोनं द्यायचंच असतं तर घेतलं कशाला असतं?"

मग त्यानं माझ्या खांद्यावरून मागं दाराकडं बघितलं. म्हणाला, "त्या दुसऱ्या बाई आल्या नाहीत का? त्यांना विचारा की. गाठ त्यांनीच मारली."

"कोण दुसरी बाई? आई एकटी होती."

"नाही हो. आजीच्या मागंच उभ्या होत्या. उंच. तुमच्यासारखंच नाक. मला वाटलं सून नाहीतर लेक असेल, आता ही बोंब मारणार. पण त्या काहीच बोलल्या नाहीत. माझ्या हातातनं रुमाल घेतला, गाठ मारली आणि परत दिला. हात लय गार होता त्यांचा. मी गाठोडं पिशवीत टाकलं आणि गाडीला किक मारून निघालोच. आम्ही त्या रस्त्याला पुन्हा गेलो नाही मॅडम, खरं सांगतो."

हवालदारानं त्याला दरडावलं, "जास्त शहाणपणा करू नको." पण बाहेर आल्यावर हळू आवाजात मला म्हणाला, बाई, त्याचा जोडीदार वेगळ्या खोलीत आहे, त्यानंबी हेच सांगितलंय. यांची पहिल्यापासून गाठच पडू दिली नाही आम्ही.

मी धडधाकट बाई, पण पोलीस ठाण्याच्या पायरीवरच बसले.

पाटल्या मिळाल्या, एकदाणी गेली. तिचं दुःख आम्हाला कुणालाच नाही. मी गावाकडच्या चुलत भावाला घेऊन अक्काच्या सासरी गेले. त्यांनी आम्हाला ओट्यावर बसवलं, पाणीसुद्धा विचारलं नाही. त्यांच्या शेतातली जुनी विहीर आता नाही. पाणी आटलं म्हणून बुजवली म्हणतात. कधी बुजवली विचारलं तर अक्काचा नवरा म्हणाला, आठवत नाही. मी त्याच्या डोळ्यात बघून पुन्हा विचारलं. तो उठून आत गेला. विहीर उकरून बघा म्हणून मी अर्ज दिलाय. एका वाटीवरून जमीन उकरता येत नाही असं तोंडी सांगतात, लेखी काही देत नाहीत. मी सोडणार नाही, पण त्यातून काय निघेल याची आता मलाच भीती वाटते.

चोरानं सांगितलेलं आईला सांगावं की नाही, या विचारात मी कितीतरी महिने घालवले. शेवटी यंदाच्या पितृपक्षात सांगितलं. आईच म्हणाली होती, या वर्षी अविधवा नवमीला मंगलचं पान वाढायचं. नवरा जिवंत असताना गेलेल्या बाईची ही तिथी. म्हणजे लेक गेली, हे आईनं स्वतःच्या तोंडानं पहिल्यांदा कबूल केलं. गुरुजी चाचरत म्हणाले, हा विधी सासरच्या लोकांनी करायचा असतो. आई शांतपणे म्हणाली, "सासरची वाटी न्हाई राहिली तिच्या गळ्यात. ती आता माझीच हाय."

जेवणं झाल्यावर मी तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. गाठ कुणी मारली, हात कसा होता, ती मागंच कशी उभी होती. मला वाटलं आई घाबरेल, नाहीतर हंबरडा फोडेल. तिनं ऐकून घेतलं.

हे असं का झालं, कसं झालं, मला आजही सांगता येत नाही. वाटी माझ्या कपाटात आहे, हात लावून बघता येते. गाळ एका डबीत घालून ठेवलाय, तो आता वाळून माती झालाय. तुमच्यापैकी कुणाकडं याचा नीट, पटेल असा खुलासा असेल तर खरंच कळवा. मी मोकळ्या मनानं ऐकेन.

पण त्या दिवशी आई जे बोलली, त्याला मात्र कुणाचाच खुलासा पुरणार नाही. सगळं ऐकून झाल्यावर ती स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली,

"मेलेली आसून तिला कळलं, आपल्या मायला लुटायलेत म्हणून. आली, तिच्यापाशी व्हतं ते देऊन गेली. आन मी जित्ती आसून... ज्या दिवशी तिला मारलं त्या दिवशी मला काईच कळलं न्हाई गं. मी जेवले, झोपले."